तुमच्या तक्त्यात गुरगुट्या भाताला एक ओळ द्या

प्रति,
महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या रुग्णालयांचे आहारविभाग,
तिथले आहारतज्ज्ञ, स्वयंपाकघराचे प्रमुख आणि व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. पुण्यात एका शाळेत गणित शिकवते. गेल्या पावसाळ्यात माझी आई न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ११ दिवस आम्ही दोघी एका रुग्णालयात होतो. आईचं वय ८१. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर, सिस्टर, रात्रपाळीच्या मावशी, सगळ्यांनी तिचं मनापासून केलं. त्या रुग्णालयाविरुद्ध तक्रार करायला मी लिहीत नाही, म्हणून त्याचं नावही घेत नाही. मला तुम्हा सगळ्यांकडे एक गोष्ट मागायची आहे: तुमच्या आहाराच्या तक्त्यात गुरगुट्या भाताला, म्हणजे आजाऱ्याच्या मऊभाताला, एक ओळ. ती लहान आहे, पण का मागते ते नीट सांगायला थोडी जागा लागेल.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फाइलवर ‘सॉफ्ट डाएट’ असं लिहून आलं. दुपारी साडेबाराला ट्रॉली आली. ताटात कॉर्नफ्लोअर लावलेलं भाज्यांचं सूप, ब्रेडचे दोन तुकडे, कुस्करलेला बटाटा आणि वाटीत पिवळं कस्टर्ड. सगळं स्वच्छ, झाकलेलं, गरम. आईनं सुपाचा एक चमचा तोंडात घेतला, बराच वेळ तसाच धरला आणि कसाबसा गिळला. “नको गो आता,” म्हणाली. रात्री खिचडी आली तेव्हा मला हायसं वाटलं. पण ती कांदा-टोमॅटो परतून, गरम मसाला घालून केलेली, सुरीनं वडी पडावी इतकी घट्ट. आईनं दोन घास खाल्ले. मग इडली आली, मग दुधातला दलिया. ताट जसं यायचं तसं परत जायचं. फाइलमध्ये रोज ‘खाणं कमी’ अशी नोंद व्हायची. पाचव्या दिवशी शब्द बदलला. ‘पेशंटनं नाकारलं’ असं लिहिलं गेलं.

तो शब्द मला फार लागला. माझ्या आईनं आयुष्यात पानातलं काही नाकारलेलं नाही. राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात, ११ माणसांच्या घरात ती वाढली; पानात टाकणं म्हणजे काय ते तिला माहीतच नाही. आणि मागणंही माहीत नाही. तुला काय हवंय, असं मी तिला चार दिवसांत कितीदा विचारलं असेल. “मला काही नको. तू जेवलीस का?” एवढंच उत्तर. सासू-सासरे, दीर, आम्ही तीन मुलं, माझे बाबा, सगळ्यांची दुखणी तिनं काढली. कोणाला काय पथ्य, कोणाला कितव्या दिवशी वरण द्यायचं, कोणाला ताक चालतं, हे तिच्या बोटांवर. स्वतःसाठी मात्र तिला तोंड उघडता येईना.

पाचव्या रात्री ती गुंगीत होती. खिडकीबाहेर पाऊस पडत होता. दोन-अडीचच्या सुमारास तिनं डोळे न उघडताच विचारलं, “भात गुरगुरतोय का गो? बघ जरा, लागेल खाली.”

त्या वाक्यानं मी एकदम ४५ वर्षं मागे गेले.

मी सात वर्षांची असताना मला गोवर निघाला होता. तेव्हा आम्ही चिपळूणला दोन खोल्यांत राहायचो. उजेड सोसवत नव्हता, म्हणून खोलीत अंधार केलेला. त्या दिवसांतलं मला दिसलेलं काही आठवत नाही, जे आठवतं ते आवाजाचं आणि वासाचं. वातीच्या स्टोव्हवर कल्हईचं पातेलं, त्यात भात गुरगुरायचा. मधेच आई पळीनं कड खरवडायची. आंबेमोहराचा वास आतल्या खोलीपर्यंत यायचा. मग बरणीचं झाकण फिरवल्याचा आवाज, आणि त्यामागून मेथ्या-हिंगाचा मेतकुटाचा वास. तो आला की कळायचं, आता उठून बसायचं. आई भात ताटलीत पसरून घालायची, म्हणजे लवकर निवतो. मध्ये बोटानं खळगा करून तूप, बाजूला मेतकूट, आणि जुन्या लिंबाच्या लोणच्याचा बोटभर खार. वाढलेल्या भातातला पहिला घास ती कधी चमच्यानं द्यायची नाही. हातानंच कालवून भरवायची.

हे मी आठवणींत रमायला लिहीत नाही. त्या ताटलीत जे होतं ते आजारी माणसाच्या तोंडाचा आणि पोटाचा विचार करून घडत गेलेलं होतं, असं मला आता वाटतं. तापानं आणि औषधांनी तोंड कडू झालेलं असतं. त्या तोंडाला गोड कस्टर्ड चिकटून बसतं. लिंबाच्या खारानं मात्र जिभेच्या कडांना पाणी सुटतं, आणि पाणी सुटलं की घास खाली उतरतो. मेतकुटात मेथ्यांचा किंचित कडवटपणा असतो, तो कडू तोंडालाही परका लागत नाही. भात इतका शिजलेला असतो की चावावा लागत नाही, पण सुपासारखा निसटतही नाही, जिभेवर थांबतो. कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी याहून सोयीचं काय असेल? आणि वास. सुपाला वास होता, पण तो आईच्या ओळखीचा नव्हता. भूक नसलेल्या माणसाला ओळखीचा वासच उठवून बसवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्यासारख्याच एका आहारतज्ज्ञ मॅडमना भेटले. माझ्या विद्यार्थिनी असाव्यात इतक्या तरुण होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, तक्ता उघडला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “मॅडम, मऊभात असा प्रकार आमच्याकडे लिहायलाच नाहीये. मी ‘सॉफ्ट राइस’ लिहिते.” दुपारी जे आलं तो लांब दाण्याचा नेहमीचा भात होता, थोडा जास्त शिजवलेला, वर वरण. दाणे मोकळेच. मॅडमची चूक म्हणता येत नाही. त्यांनी लिहिलं त्याचा अर्थ स्वयंपाकघरानं त्यांच्या परीनं लावला.

मग मी खाली स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत जायला परवानगी नव्हती, ते योग्यच आहे. दाराशी भाजी उतरवून घेणारा एक मुलगा होता, ओडिशातल्या कोरापूटचा. तिथे आजाऱ्यांचं सूप तोच करायचा. मी त्याला माझ्या मोडक्या हिंदीत सांगायला लागले की तांदूळ, खूप पाणी, मंद आच… तो मध्येच म्हणाला, “पेज?” मी बघतच राहिले. त्याच्याकडेही पेजच म्हणतात. कोरापूटला नाचणीची करतात, मंडिया पेज. त्याची आजी सकाळी तीच पिऊन शेतावर जायची. “मला येते करायला,” तो म्हणाला. “पण तक्त्यात नाही ना. तक्त्यात नाही ते आम्ही लावू शकत नाही.”

म्हणजे बघा, वरच्या मजल्यावर पेज हवी असलेली बाई, खालच्या मजल्यावर पेज करता येणारा मुलगा, कोठीत तांदूळ, नळाला पाणी, शेगडीला गॅस. मध्ये फक्त एक कागद, आणि त्या कागदावर तो शब्द नाही.

माझं मागणं त्या शब्दाचं आहे.

तुमच्या तक्त्यांमध्ये आहाराच्या पायऱ्या असतात: क्लिअर लिक्विड, फुल लिक्विड, सेमी-सॉलिड, सॉफ्ट. या पायऱ्यांची गरज मला समजते. ऑपरेशननंतर पोट हळूहळू कामाला लागतं, लकवा झालेल्या माणसाला गिळताना ठसका लागू शकतो, म्हणून किती पातळ आणि किती घट्ट हे ठरवावंच लागतं. पण हे सगळं आमच्या भाषेत आधीपासून आहे. भात शिजताना वरून काढून घेतलेलं पाणी ती निवळ. भरपूर पाण्यात दाणा फुटेपर्यंत शिजवलेली, पिता येईल अशी, ती पेज. पळीतून सावकाश ओघळेल इतकी दाट ती आटवल. आमच्याकडे तिच्यात मुगाची डाळही घालतात. आणि ताटलीत घातल्यावर हळूच पसरतो तो गुरगुट्या भात. एकच धान्य, पाण्याचा हिशेब वेगळा. घरातल्या कोणत्याही म्हाताऱ्या बाईला विचारा, ती तुम्हाला आजाराच्या कितव्या दिवशी कोणती पायरी ते सांगेल.

ही समज जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, दुसऱ्याच अध्यायात, वेगवेगळ्या तक्रारींसाठी २८ प्रकारच्या यवागू सांगितल्या आहेत, म्हणजे औषधी द्रव्यं घालून केलेल्या पेजा. वमन-विरेचनानंतर, म्हणजे उलटी-जुलाबांनी पोट साफ करण्याच्या उपचारांनंतर, रोग्याला जेवणावर आणण्याचा संसर्जन क्रम आहे, तो पातळ पेयेपासून सुरू होतो, मग दाट विलेपी, मग कडधान्याचं कढण, मग मांसरस. आणि ज्यांना जुन्या ग्रंथांपेक्षा अलीकडचं संशोधन जवळचं वाटतं त्यांना ढाक्याची गोष्ट माहीत असेल. १९७१च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-पाण्याच्या द्रावणावर कॉलऱ्याचे शेकडो रुग्ण वाचवले. पुढे ढाक्याच्या संशोधकांनी त्यातल्या साखरेऐवजी तांदळाची पूड वापरून पाहिली. १९८२ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. कॉलऱ्याच्या रुग्णांचे जुलाब तांदळाच्या द्रावणानं आणखी कमी होतात असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. तांदूळ, पाणी, मीठ. म्हणजे मीठ घातलेल्या पेजेची सख्खी बहीण.

आता तुमच्या बाजूनं काय म्हणणं असेल याचा मी विचार केला आहे, कारण घरी परतल्यावर एका ओळखीच्या आहारतज्ज्ञांशी दोन तास बोलले. पहिली गोष्ट, प्रथिनं. ऑपरेशनची जखम भरायला प्रथिनं हवीत आणि नुसत्या भातातून ती पुरेशी मिळत नाहीत. खरं आहे. १०० ग्रॅम तांदळात सातेक ग्रॅम प्रथिनं, तेवढ्याच मुगाच्या डाळीत २४. म्हणून आटवलीत मूग घाला, भाताबरोबर वाटीभर मुगाचं कढण द्या, अंडं खाणाऱ्याला अंडं द्या. मेतकुटातही भाजलेली हरभऱ्याची आणि उडदाची डाळच मुख्य असते, पण ते चमचाभर खायचं, त्याच्यावर प्रथिनांचा हिशेब सोडता येणार नाही हे मला कबूल आहे. मात्र एक विचारते. तुम्ही मोजून पाठवलेली प्रथिनं ताटातच राहून परत गेली, तर ती कोणाच्या पोटात गेली? आईनं त्या पाच दिवसांत जेवढं खाल्लं त्यात तिची जखम भरायला काय मिळालं असेल?

दुसरी गोष्ट, मधुमेह. इतका मऊ भात साखर पटकन वाढवतो. त्याचा निर्णय अर्थातच तुमचा. किती द्यायचा, डाळ किती मिसळायची, द्यायचाच की नाही, हे तुम्ही ठरवा. मीठ बंद असलेल्या माणसाला लोणच्याचा खार देता येणार नाही, तिथे साध्या लिंबाची फोड पिळा. मूत्रपिंडाच्या रुग्णांचं गणित वेगळं. मी कोणाचंही पथ्य मोडायला सांगत नाही. पथ्याच्या आतच आपली जुनी पथ्याची माहिती वापरा, एवढंच म्हणते.

तिसरी अडचण मला स्वतःला सुचली नव्हती, ती त्या ओळखीच्या आहारतज्ज्ञांनी सांगितली. मऊभात ट्रॉलीवर तासभर राहिला की त्याचा गोळा होतो, आणि भात कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात, म्हणून मोठी स्वयंपाकघरं त्याच्या वाटेला जात नाहीत. हे ऐकून मी गप्प झाले. आईला विचारलं. तिच्या उत्तरात काडीचीही शंका नव्हती: “आधणाचं पाणी जवळ ठेवायचं. वाढताना सैल करायचा.” बंद, गरम राहणाऱ्या डब्यात भात आणि वॉर्डाच्या पँट्रीत उकळतं पाणी, यानं हे जमेल असं त्या आहारतज्ज्ञही म्हणाल्या. कोकणात लग्नघरी आचारी मठ्ठा आणि सार शेवटच्या पंगतीपर्यंत नीट ठेवतात. करायचं ठरवलं तर मोठ्या स्वयंपाकघराला अशक्य काही नसतं.

आमच्या घरचं नाव मऊभात-मेतकूट आहे, म्हणून मी त्याबद्दल लिहिते. सगळ्यांच्या घरी तेच असतं असं अजिबात नाही, आणि माझी मागणी कुणा एका जातीच्या किंवा एका जिल्ह्याच्या ताटाची होऊ नये. आईच्या शेजारच्या खाटेवर सोलापूरकडच्या एक आजी होत्या. त्यांना हव्या होत्या ज्वारीच्या कण्या, ताकात कालवून, वर लसणीचा ठेचा नको फक्त मीठ. भाताला त्या हात लावायच्या नाहीत. “भात काय, पावसापाण्याचं खाणं” म्हणायच्या. त्यांच्या सुनेनं हुलग्याच्या माडग्याचं नाव काढलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. कोल्हापूरकडे आजाऱ्याला आणि लहान मुलाला मटणाचं अळणी देतात, तिखट-मसाला पडायच्या आधी काढून ठेवलेलं पाणी. हाड मोडलं की कित्येक घरांत पायाचा रस्सा शिजतो. मालवणात आणि गोव्यात आजारी माणसाला मुडदुशे हे मासे देतात, पचायला हलके म्हणून. आणि गोव्यात तर सकाळी दहाची पेज हे धडधाकट माणसाचंही खाणं आहे, उकड्या तांदळाची, बाजूला मिठातली कैरी. नंदुरबारच्या पाड्यावरून आलेल्या माणसाला नागलीची, म्हणजे नाचणीची, आंबील ओळखीची वाटेल, कस्टर्ड नाही. बाळाला आपण खिमट देतो, तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून, भरडून. यातलं काहीही महाग नाही. यातलं बरंचसं त्या कॉर्नफ्लोअरच्या सुपापेक्षा स्वस्तच पडेल.

म्हणून माझी विनंती अशी. तुमच्या आठवड्याच्या तक्त्यात, ‘सॉफ्ट’ आणि ‘लिक्विड’च्या रकान्यात, आपल्या भागातली ही नावं मराठीत लिहा. गुरगुट्या भात, पेज, कण्या, आंबील, कढण, अळणी. नाव लिहिलं की कोठीत सामान येईल, करणाऱ्याला माप मिळेल, तरुण आहारतज्ज्ञाला ते लिहिता येईल आणि त्या कोरापूटच्या मुलाला ते लावता येईल. रोज सगळी करा असं नाही. एका वेळी एक असलं तरी पुष्कळ.

आणि दाखल करून घेताना तुम्ही जो फॉर्म भरून घेता, त्यात शाकाहारी-मांसाहारी, अ‍ॅलर्जी, मधुमेह असे रकाने आहेत. त्यात एक ओळ वाढवा: ‘ताप आला की तुमच्या घरी काय खायला देतात?’ आईला मी ‘तुला काय हवंय’ असं विचारत राहिले, त्याचं उत्तर ती देऊ शकली नाही, कारण ते मागणं झालं. घरी काय देतात असं विचारलं असतं तर तिनं लगेच सांगितलं असतं. ते सांगणं म्हणजे तिची माहिती, तिचा अभ्यास. मी नंतर तिला विचारून पाहिलं. ती पाऊण तास बोलत होती.

ज्या रुग्णालयांना हे अजून जमणार नाही, त्यांनी निदान घरचा डबा मोजूनमापून आणायची रीतसर सोय ठेवावी. आम्हाला शेवटी सहाव्या दिवशी ती मिळाली. त्या तरुण मॅडमनीच डॉक्टरांची सही मिळवून दिली, मीठ किती घालायचं ते कागदावर लिहून दिलं. मी घरी येऊन दोन वाट्या भाताची तयारी केली आणि मग लक्षात आलं, घरात मेतकूट नाही. दुकानातून आणलं नाही. आईनं मला लग्नात जी वही दिली होती ती काढली. हरभऱ्याची डाळ एक वाटी, उडदाची डाळ पाव, तांदूळ पाव, गहू दोन चमचे, धने, जिरं, मोहरी, मेथ्या, मिरी, सुंठेचा तुकडा, हळकुंड, हिंग. प्रत्येक जिन्नस वेगळा, कोरडा, मंद आचेवर. मेथ्या शेवटी आणि डोळ्यांत तेल घालून, कारण त्या क्षणात करपतात. गार झाल्यावर बारीक दळून वस्त्रगाळ. ते वस्त्रगाळ मी नीट केलं, रात्री अकरा वाजता, सुती रुमालातून.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला उठवून बसवलं. डबा उघडला. तिनं डोळे मिटून वास घेतला. मी पहिला घास हातानं कालवून दिला. तिनं तो तोंडात फिरवला, गिळला, पुन्हा तोंड उघडलं. अर्धी वाटी झाल्यावर म्हणाली, “मेथ्या जरा जास्त झाल्यात गो.”

सिस्टर फाइल घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाटलं आईनं परत नको म्हटलं. मी म्हटलं, नाही, लिहा, अर्धी वाटी गेली. त्या दिवसानंतर ती रोज खात गेली. आठव्या दिवशी तिनं स्वयंपाकघराची खिचडीही खाल्ली, तीच कांदा-टोमॅटोची. एकदा तोंड उघडलं की बाकीचं आत जातं, असं मला वाटतं. सूप, कस्टर्ड, इडली यांच्याशी माझं काही भांडण नाही. त्यांच्याकडे जायची पहिली पायरी ओळखीची असावी.

तुम्हाला हिशेब सोपा जावा म्हणून मी ४० खाटांचं माप काढून ठेवलं आहे. माणशी ६० ग्रॅमच्या आसपास तांदूळ धरला तर अडीच किलो. आंबेमोहर नसेल तर इंद्रायणी, नाहीतर कोणताही आखूड दाण्याचा चिकट होणारा तांदूळ, लांब दाण्याचा नको. धुऊन अर्धा तास निथळत ठेवायचा. वाटीला सहा वाट्या या हिशेबानं १८ लिटर पाणी, ते आधी उकळायचं, मग तांदूळ. आच मंद. पाऊण तास, मधून मधून तळापासून ढवळत. पेज हवी असेल तर पाणी दुप्पट. कुकरनं वेळ वाचतो, पण शिट्ट्यांनी तो भात घोटल्यासारखा होतो. दाणा फुललेला दिसला पाहिजे आणि बोटानं दाबला तर मोडला पाहिजे. ज्यांना हवं त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन एकदा करून दाखवायला मी तयार आहे. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारनंतर मोकळी असते.

तुमच्या कामाबद्दल मनात पूर्ण आदर आहे. शेकडो माणसांना, प्रत्येकाचं पथ्य सांभाळून, वेळेवर गरम जेवण पाठवणं किती अवघड आहे ते त्या ११ दिवसांत जवळून पाहिलं. म्हणूनच मागते आहे.

आपली नम्र,
एका पेशंटची मुलगी

ता. क. आई आता वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत येते. हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. तिच्या दोन दुरुस्त्या आहेत आणि त्या तशाच लिहायला सांगितल्या आहेत. मीठ तांदळाबरोबर घालायचं नाही, भात शिजून फुलल्यावर घालायचं. आणि तूप पातेल्यात घालायचं नाही, प्रत्येकाच्या ताटलीत वरून घालायचं, म्हणजे आजाऱ्याला दिसतं.